वाडीच्या ऑफिसातला प्रिंटर रोज साडेअकराला ऑफलाइन जातो

वाडीचा_बाबू | सोमवार, दुपारी १२:४०

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मी तिथे हिशेब, बिल्टी (गाडीत भरलेल्या मालाची पावती), गाड्यांची नोंद पाहतो आणि आता नाइलाजाने कॉम्प्युटरही. सात मशीन आहेत. एक लेझर प्रिंटर नेटवर्कवर, वायरने, आठ पोर्टच्या स्विचमधून. बिल्टीसाठी एक डॉट मॅट्रिक्स, तो माझ्या मशीनला यूएसबीने लावून बाकीच्यांना शेअर केला आहे.

त्रास लेझरचा आहे. सकाळी साडेनऊला ऑफिस उघडतं तेव्हा झकास चालतो. साडेअकराच्या सुमारास कोणाच्या तरी मशीनवर ‘ऑफलाइन’ येतं. गंमत म्हणजे एकाच वेळी तीन मशीनवर ऑफलाइन आणि चारवर चालू, असंही होतं. प्रिंटर बंद करून चालू केला की सगळ्यांचा सुरू. वीसेक मिनिटांनी पुन्हा तेच. महिना झाला.

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, दोनदा. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं. एएमसीवाला (वर्षभराच्या देखभालीचा ठेका असलेला) येऊन गेला. त्याने प्रिंटर रीस्टार्ट केला, टेस्ट पेज काढलं, माझी सही घेतली. तो नाक्यावर पोचायच्या आत प्रिंटर पुन्हा ऑफलाइन. बाहेर गाडी भरून उभी, ड्रायव्हर काउंटरवर कोपर टेकवून माझ्याकडे पाहून राहिला, आणि मी प्रिंटरचं बटण दाबून राहिलो. शेठ म्हणतात, नवा घेऊन टाक. मला वाटतं प्रिंटर निर्दोष आहे.

तर्री_जास्त | सोमवार, दुपारी १२:५८

साडेअकरा म्हणजे पोह्याची वेळ. प्रिंटर पोहे खायला जात असेल न भाऊ.

बर्डीकर | सोमवार, दुपारी १:३०

मी सीताबर्डीवर हेच काम करतो. नव्या प्रिंटरचे पैसे वाचवा. आधी पोर्ट पाहा. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ नावाचं पान असतं, तिथे ज्या ओळीसमोर टिक आहे ती काय म्हणते? ‘डब्ल्यूएसडी’ असेल तर तेच दुखणं. विंडोज स्वतःहून प्रिंटर शोधतं तेव्हा बरेचदा हे पोर्ट लावून देतं आणि मग मनात येईल तेव्हा ऑफलाइन दाखवतं. ते काढून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ बनवा, त्यात प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाका. ड्रायव्हर पुन्हा टाकायची गरज नाही, नुसती टिक दुसऱ्या पोर्टवर न्यायची.

आणि रांगेत अडकलेले जुने प्रिंट आधी साफ करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून ‘नेट स्टॉप स्पूलर’ (स्पूलर म्हणजे विंडोजमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारा), मग विंडोज फोल्डरमध्ये सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. त्या शेवटच्या फोल्डरच्या आतलं सगळं उडवायचं, फोल्डर नाही. मग ‘नेट स्टार्ट स्पूलर’.

वाडीचा_बाबू | सोमवार, संध्याकाळी ५:१०

पाहिलं. सातही मशीनवर टीसीपी/आयपी पोर्टच आहे, १९२.१६८.१.१०. दोन वर्षांपूर्वी जुन्या एएमसीवाल्याने प्रिंटरच्या मेनूत जाऊन हा आयपी हाताने टाकून दिला होता. रांग साफ केली. एका मशीनवर अकरा प्रिंट अडकले होते, त्यातले सात एकाच ई-वे बिलाचे (माल नेताना लागणारी जीएसटीची नोंद). माणूस घाबरला की प्रिंटचं बटण दाबतच राहतो.

मैत्रेयी_धंतोली | सोमवार, संध्याकाळी ६:०५

अवांतर, पण ई-वे बिलाचा कागद ड्रायव्हरजवळ असलाच पाहिजे असं नाही हो, नंबर मोबाइलवर असला तरी चालतो. तेवढी एक रांग तरी कमी करा.

मूळ मुद्दा. त्याच पोर्टच्या ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी टिक असते. विंडोज त्या वाटेने प्रिंटरला ‘जागा आहेस का’ विचारतं आणि उत्तर आलं नाही की प्रिंटर ठणठणीत असला तरी ऑफलाइन म्हणून मोकळं होतं. आमच्या सीएंच्या ऑफिसात ती टिक काढली आणि कटकट संपली.

वाडीचा_बाबू | मंगळवार, दुपारी १२:१५

ताई, दोन मशीनवर टिक काढली. आता ऑफलाइन म्हणत नाही, ‘रेडी’ म्हणतो. पण प्रिंट येत नाही. रांगेत ‘प्रिंटिंग’ लिहून येतं आणि बसून राहतं. आधी प्रिंटर खरं तरी बोलत होता, आता खोटं बोलून राहिला.

तिसरी_शिफ्ट | मंगळवार, दुपारी २:४५

टिक परत लावा. तापमापी फोडल्याने ताप उतरत नाही. (मैत्रेयीताई, तुमच्याकडे ते खरंच कारण असेल, इथे नाही.)

मी बुटीबोरीला एका कारखान्यात सिस्टीमचं काम पाहतो, रात्रपाळी, म्हणून उशिरा उत्तर. तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या तीन गोष्टी सोडून द्यायला नको होत्या. ठरावीक वेळ. काही मशीनवर चालू, काहींवर बंद. आणि प्रिंटर रीस्टार्ट केला की थोडा वेळ सगळं ठीक. ही ड्रायव्हरची लक्षणं नाहीत, ड्रायव्हर घड्याळ पाहत नाही.

उद्या ऑफलाइन येईल तेव्हा प्रिंटरला हात न लावता, ज्या मशीनवर ऑफलाइन आहे तिथून प्रिंटरच्या आयपीला पिंग करा (कमांड प्रॉम्प्टमधून हाक मारायची, उत्तर यायला किती वेळ लागला ते दिसतं) आणि आलेले आकडे जसेच्या तसे इथे टाका. आणि महिन्याभरापूर्वी ऑफिसात काय बदललं? नवं मशीन, नवा कॅमेरा, काहीही.

वाडीचा_बाबू | बुधवार, संध्याकाळी ६:३०

आज प्रिंटर दिवसभर चालला! एकदाही ऑफलाइन नाही. मी काहीच केलं नाही. पिंग सकाळी करून पाहिलं, चारही वेळा ‘१ मिलिसेकंदापेक्षा कमी’ आलं.

बदल म्हणाल तर महिन्याभरापूर्वी फायबरवाल्यांनी जुना राउटर नेऊन नवा बसवला. पण प्रिंटर तर राउटरला लावलेलाच नाही, स्विचला आहे.

बर्डीकर | बुधवार, संध्याकाळी ७:१२

स्विच कुठे लावला आहे? राउटरलाच न? मग झालं.

तुमच्याकडे कूलर प्रिंटरच्या खोलीतच आहे का हो? विचारायचं कारण, मे महिन्यात माझे निम्मे कॉल कूलरचे असतात. कागदाचा गठ्ठा कूलरसमोर उघडा ठेवतात, कागद ओल धरतो, मग सुरकुत्या आणि जाम. लोक म्हणतात रोलर गेला. ते वेगळं दुखणं, पण पाहून घ्या. आणि लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका, कागद तापवताना तो एकदम जास्त करंट ओढतो. यूपीएसवर राउटर आणि स्विच ठेवा.

वाडीचा_बाबू | गुरुवार, सकाळी ११:५०

आलं ऑफलाइन, ११:३८ ला. प्रिंटरला हात लावला नाही. ड्रायव्हरला चहा पाजला. पिंगचे आकडे: ३, ११८, ४७, २०६ मिलिसेकंद. चार पाठवले, चार आले, लॉस शून्य. म्हणजे नेटवर्क तर ठीक आहे न?

तिसरी_शिफ्ट | गुरुवार, सकाळी ११:५८

झोपणार होतो, आता नाही झोपत. ठीक अजिबात नाही. काल याच पत्त्यावरून एकाच्या आत उत्तर येत होतं. त्याच ऑफिसात, वायरवर बसलेला प्रिंटर २०६ मिलिसेकंद कशाला घेईल? तीन, मग एकशे अठरा, मग सत्तेचाळीस, या अशा उड्या वाय-फायवरच्या वस्तू मारतात, विशेषतः बॅटरी वाचवायला मधून मधून डुलकी घेणारा फोन.

प्रिंटरची नेटवर्क केबल काढा आणि पुन्हा पिंग करा.

वाडीचा_बाबू | गुरुवार, दुपारी १२:०९

केबल काढली. पिंग येऊन राहिलं!

आधी वाटलं चुकीची केबल काढली. पाहिलं तर प्रिंटरचीच, हातात धरून उभा होतो. मग प्रिंटरची पिनच बोर्डातून उपसली. स्क्रीन काळी, पंखा बंद. तरी १९२.१६८.१.१० उत्तर देऊन राहिला, ६२ मिलिसेकंद, ९ मिलिसेकंद. काउंटरवरचे दोघं आणि तो ड्रायव्हर, सगळे माझ्या खुर्चीमागे जमा झाले.

तर्री_जास्त | गुरुवार, दुपारी १२:११

बाप्पा. मेलेल्या प्रिंटरचा आत्मा बोलून राहिला. लिंबू-मिरची बांधा राजेहो.

तिसरी_शिफ्ट | गुरुवार, दुपारी १२:१६

लिंबू ठेवा बाजूला. त्याच मशीनवर लगेच ‘एआरपी -ए’ ही कमांड द्या. यादीत .१० समोर बारा अक्षरी मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची ओळख, दिसेल. मग प्रिंटर सुरू करून त्याच्या मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान छापा, त्यावर प्रिंटरचा खरा मॅक असतो. दोन्ही जुळतात का सांगा.

वाडीचा_बाबू | गुरुवार, दुपारी १२:३१

नाही जुळत. प्रिंटरच्या पानावरचा ३० ने सुरू होतो. एआरपीमध्ये दिसतो तो ‘डीए’ ने. हा डीए कोण?

तिसरी_शिफ्ट | गुरुवार, दुपारी १:०५

फोन. जवळपास खात्रीने. मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर पाहायचं. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नाही, यंत्राने स्वतः बनवलेला आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर खरा मॅक लपवून असा बनावट पत्ता लावतात. बहुतेक फोन एका वाय-फायसाठी एकदा बनवलेला पत्ता तोच वापरत राहतात. म्हणून राउटर त्याला ओळखतो आणि रोज तोच आयपी काढून देतो.

आता तुमच्याकडे काय झालं असणार ते जोडून पाहू.

जुन्या राउटरचा डीएचसीपीचा पूल, म्हणजे आपोआप वाटायच्या पत्त्यांचा साठा, बहुधा १०० पासून पुढे होता. त्यामुळे हाताने दिलेला १० सुरक्षित होता. नवा राउटर २ पासून वाटत असेल. त्याला कोणी सांगितलंच नाही की १० वर आधीच भाडेकरू आहे. काही राउटर पत्ता देण्याआधी तिथे कोणी आहे का हे तपासतात, सगळे तपासतातच असं नाही. आणि राउटर बसवला तेव्हा प्रिंटर बंद असेल तर तपासूनही उपयोग नाही.

एका घराला दोन भाडेकरू. आता पोस्टमन काय करेल? प्रत्येक मशीन स्वतःजवळ एक छोटी वही ठेवतं, कोणता आयपी म्हणजे कोणता मॅक. एआरपी तीच वही. नोंद जुनी झाली की मशीन सगळ्यांना हाक मारतं, ‘१० कोण?’ आणि आता दोघं ओ देतात. एका मशीनच्या वहीत प्रिंटर लिहिला जातो, दुसऱ्याच्या वहीत फोन. म्हणून तुमची तीन मशीन आंधळी आणि चार डोळस. फोनकडे गेलेला प्रिंट प्रिंटसाठीच्या ९१०० नंबरच्या दारावर थाप मारतो, फोनला ते दारच नाही, प्रिंट बाहेर उभा. फोन एसएनएमपीलाही उत्तर देत नाही, म्हणून विंडोज ऑफलाइन म्हणतं. ते बिचारं बरोबरच सांगत होतं.

आणि प्रिंटर बंद-चालू केला की तो नेटवर्कवर येताना आरोळी देतो, ‘१० मी आहे’. सगळे आपापली वही दुरुस्त करतात. पुढे नोंदी शिळ्या होतात, पुन्हा हाक, पुन्हा दोन ओ. तुमची वीस मिनिटं ती.

राहिला एकच प्रश्न. साडेअकराला ऑफिसात कोण येतं, आणि बुधवारी कोण आलं नव्हतं?

वाडीचा_बाबू | गुरुवार, दुपारी १:२०

शेठ.

बुधवारी रायपूरला गेले होते.

तर्री_जास्त | गुरुवार, दुपारी १:२२

🙏🙏🙏

मैत्रेयी_धंतोली | गुरुवार, दुपारी १:४०

मी ऑफिसात हे मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे सर हसता हसता थांबले आणि स्वतःच्या फोनकडे पाहायला लागले.

बाबूभाऊ, शेठना सांगताना ‘तुमच्या फोनमुळे’ असं म्हणू नका. ‘राउटर बदलल्यामुळे’ म्हणा. खरंही तेच आहे.

बर्डीकर | गुरुवार, दुपारी २:००

मानलं बुवा. मी असतो तर स्विच बदलून आलो असतो, खोटं कशाला बोलू.

आता इलाज. प्रिंटरचा आयपी बदलू नका, नाही तर सातही मशीनवर पोर्ट बदलत बसाल. पूल बदला. राउटरच्या पानावर जा (ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१), पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. लॅनच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीची सुरुवात १०० करा. मग राउटर आणि शेठचा फोन दोन्ही एकदा बंद-चालू. दुसरा रस्ता म्हणजे रिझर्व्हेशन, प्रिंटरचा मॅक राउटरला सांगून ठेवायचा आणि त्याला कायम १० द्यायचा. पण उद्या फायबरवाले पुन्हा राउटर बदलून गेले की ते रिझर्व्हेशन त्याच्यासोबत गेलं.

तिसरी_शिफ्ट | गुरुवार, दुपारी २:१०

पूलही जुन्या राउटरसोबतच गेला होता, बर्डीकर. जे कराल ते एका कागदावर लिहून राउटरच्या मागे चिकटवा, बाबूभाऊ. आणि पूल सरकवण्याआधी पाहा, शंभराच्या पुढे हाताने पत्ता दिलेलं काही बसलं आहे का. कॅमेऱ्याचा डीव्हीआर, हजेरीचं अंगठ्याचं मशीन, ही मंडळी बहुतेक असतात. नाही तर प्रिंटर सुधारेल आणि कॅमेरे जातील.

मी झोपतो आता.

वाडीचा_बाबू | शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

झालं. राउटरचा पूल खरंच २ ते २५४ होता. डीव्हीआर १५० वर निघाला, मेल्याने एवढे दिवस कसं निभावलं देव जाणे. पूल १०० ते १४९ केला. ऑफिसात फोन धरून सगळ्या वस्तू बावीस आहेत, पन्नास पुरतात. शेठचा फोन आता १०४ वर. साडेअकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला, सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले. सातही मशीनवर प्रिंट येऊन राहिले.

शेठना ताईंनी सांगितलं तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘मग माझ्या फोनमध्ये व्हायरस नाही न?’ आता दिवसातून दोनदा विचारून राहिले.

जाता जाता एक. गेटवर नवं विंडोज ११ चं मशीन आलं आहे. त्यावर माझ्याकडचा शेअर केलेला डॉट मॅट्रिक्स जोडताना एरर येतो, लांबलचक शून्यं आणि शेवटी ११बी. बिल्टी तिथेच काढायची आहे, चार कार्बनची, लेझरवर जमत नाही.

मैत्रेयी_धंतोली | शुक्रवार, रात्री ८:२०

हा माझा प्रांत. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या स्पूलरमधली ‘प्रिंट नाइटमेअर’ नावाची मोठी फट उघडकीला आली, तेव्हापासून शेअर केलेल्या प्रिंटरांचे नियम कडक होत गेले. तुमचा ११बी त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या अपडेटपासून दिसायला लागला. ज्याला प्रिंटर लावला आहे ते मशीन आणि जोडू पाहणारं मशीन यांचं सुरक्षेवर एकमत झालं नाही की येतो. एक मशीन अपडेट केलेलं आणि दुसरं नाही, हे नेहमीचं कारण. म्हणून आधी दोन्हीकडे पूर्ण अपडेट.

व्हिडिओंमध्ये रजिस्ट्रीत ‘आरपीसी ऑथन लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड’ शून्य करायला सांगतात. चालतं, पण बंद केलेली फट पुन्हा उघडते. मी करत नाही.

अपडेट करूनही नाही जमलं तर गेटच्या मशीनवर प्रिंटर हाताने जोडा. नवं पोर्ट, प्रकार ‘लोकल पोर्ट’, नावाच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघा, तुमच्या मशीनचं नाव, एक रेघ, प्रिंटरचं शेअर नाव. ड्रायव्हर तिथेच टाका. आणि तुमच्या मशीनच्या खात्याला पासवर्ड आहे ना? विंडोज पासवर्ड नसलेल्या खात्याने नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. ते नाव-पासवर्ड गेटच्या मशीनवर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठवून ठेवा.

वाडीचा_बाबू | शनिवार, दुपारी १२:०५

पासवर्ड नव्हता. टाकला. अपडेट केल्यावरही ११बी आलाच, मग लोकल पोर्टने जमलं. गेटवर बिल्टीचं बटण दाबलं आणि आतल्या खोलीत डॉट मॅट्रिक्सची करकर ऐकू आली. आता बिल्टी आणायला गेटवरचा पोरगा पळत आत येतो. शेठ म्हणाले, प्रिंटरच गेटवर नेऊन ठेवला असता तर? खरं आहे, पण आता मी तीन दिवस बोलणार नाही.

नवी_मेंबर_हिंगणा | शनिवार, दुपारी ३:३०

अगदी हेच आमच्याकडे! प्रिंटर वाय-फायवर आहे, आत्ता पिंग केलं तर ५, ९०, ३१ असं आलं. म्हणजे आमच्याकडेपण कोणाचा तरी फोन मध्ये बसला आहे न?

तिसरी_शिफ्ट | शनिवार, दुपारी ४:०२

तुमचा प्रिंटरच वाय-फायवर आहे, तर त्याचेही आकडे असेच हलणार. त्यावरून कोणाच्या फोनवर आळ घेऊ नका. प्रिंटर बंद करून पिंग करा, मग ‘एआरपी -ए’. दोन्ही इथे टाका.